भिंतीवरची खुर्ची

अट मुलीनेच घातली होती. "कॉलेजच्या फाटकाच्या आत तुम्ही माझे बाबा नाही," असं तिने जेवताना, ताटावरची नजर न उचलता सांगितलं. बाबांनी तोंडातला घास नीट चावून गिळला आणि विचारलं, "मग कोण?"

"कोणी नाही. पहिल्या वर्षाला आलेले एक काका."

"बरं," बाबा म्हणाले.

आई पळी हातात तशीच धरून दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिला वाटलं, आता भडका उडणार. उडाला नाही. भांडणं बाबांच्या स्वभावातच नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मुलीने 'येऊच नका' म्हटलं नाही, एवढ्यावरच ते खूश होते.

झालं होतं असं, की बाबा ज्या विमा कंपनीत ऐन उमेदीची सगळी वर्षं फायली हलवत बसले, तिने आपलं तिथलं ऑफिस गुंडाळलं. मग सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. मामाने, म्हणजे आईच्या भावाने, आपल्या फरशीच्या दुकानात गल्ल्यावर जागासुद्धा करून ठेवली. बाबा सगळ्यांना 'बघू' म्हणाले आणि एका सकाळी मुलगी शिकत होती त्याच कॉलेजात जाऊन, ग्राफिक डिझाइनच्या दोन वर्षांच्या कोर्सला नाव घालून आले. त्या कॉलेजला वयाची अट नव्हती. असती तर ही गोष्ट घडली नसती आणि मुलीचं दुसरं वर्ष सुखात पार पडलं असतं.

"पण डिझाइनच का?" तिने विचारलं होतं.

"तू टेबलावर काम करत असतेस ना, ते बघायला मला आवडतं."

आता हे काय कारण झालं? सर्कस बघायला आवडते म्हणून कोणी उठून झोक्याला लटकत नाही. पण बाबांनी फी भरली होती, कटर आणला होता, आणि कटरला स्वतःचं नाव चिकटवलंही होतं. विषय संपला.

मुलीची कॉलेजात वट होती. दारातून आत येता येता, समोरच्या भिंतीवरचं चित्र केसभर तिरकं असलं तरी तिला दिसायचं, आणि दिसलं की ती बोलून मोकळी व्हायची. पोरं तिला 'फूटपट्टी' म्हणत. हे नाव तिने कमावलं होतं आणि ते तिला आवडत होतं. आता त्याच जिन्यावर, बाह्या दुमडलेले, नाकाला निळा रंग लागलेले तिचे जन्मदाते कोवळ्या पोरांना अडवून विचारत उभे असत, "हे लेयर लेयर म्हणतात ते नेमकं असतं कुठे रे?"

कॉलेज म्हणजे एका जुन्या गोदामाचे दोन मजले. खाली पहिलं वर्ष, वर दुसरं. खाली लांबलचक कटिंगची टेबलं, त्यांवर हिरव्या मॅट, कोपऱ्यात रंगांनी माखलेलं बेसिन, आणि सगळीकडे स्प्रेच्या गोंदाचा वास. वर कॉम्प्युटर आणि नखरे.

बाबांनी अट अशी पाळली की ज्याचं नाव ते. मुलगी गल्लीच्या टोकाला पोचली की मग ते घराबाहेर पडायचे. संध्याकाळी आधी ते निघायचे, मग ती. जिन्यात समोरासमोर आले तर बाजूला सरून म्हणायचे, "या, मॅडम." पहिल्या वर्षाची पोरं दुसऱ्या वर्षाच्या मुलींना ताई म्हणायची. पोटच्या पोरीला ताई म्हणायला बाबांची जीभ वळेना, म्हणून त्यांनी मॅडम शोधून काढलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मुलीला हसू आलं. नंतर नंतर ते ऐकलं की तिला का कोण जाणे, राग यायचा. अट आपलीच, पाळतात ते, आणि राग आपल्याला, असा सगळा उलटा कारभार होता.

पोरांना मात्र काका आवडायचे. कोणाचं बोट कापलं की काकांच्या खिशात पट्टी हजर. जादा ब्लेडं त्यांच्याकडे, टोक केलेल्या पेन्सिली त्यांच्याकडे. सगळं होतं, फक्त काम चांगलं नव्हतं. हे लपवण्यात अर्थ नाही. बाबांचं काम वाईट होतं. त्यांना रिकामी जागा बघवायची नाही. जन्म विम्याचे फॉर्म तपासण्यात गेलेला. कागदावर कोरा भाग दिसला की त्यांना वाटायचं, कोणीतरी माहिती भरायची राहिलीय. मग ते तिथे फूल काढायचे. मग फुलाला सोबत म्हणून पक्षी. आणि सगळ्याला मिळून भोवती दुहेरी किनार, कोपऱ्यांत वेलबुट्टी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशी ती किनार चित्रापेक्षा जड व्हायची.

त्यांच्या सरांना पोरं 'कात्री सर' म्हणत, कारण सरांच्या तोंडी एकच शब्द. "काढा." काकांच्या टेबलाशी ते थांबायचे, चष्मा वर करायचे आणि म्हणायचे, "काका, काढा." काका मान डोलवून फूल पुसून टाकायचे, आणि सर पाठमोरे झाले की तिथे अपराधी चेहऱ्याने एक चांदणी ठेवायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

या कॉलेजात परीक्षा नव्हती, भिंत होती. सहामाही संपली की पहिल्या वर्षाच्या प्रत्येकाने एकेक पोस्टर करायचं आणि ते खालच्या लांब भिंतीवर टाचायचं, नाव न घालता. मग दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी त्यांवर बोलायचं, बोललेलं कागदावर लिहून त्या पोस्टरखाली लावायचं. ज्याचं काम असेल त्याने तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, गर्दीत उभं राहून ऐकायचं. बोललेला शब्द परत घेता येत नसे. शेवटी सर निकाल देत. भिंतीने ज्याला नापास केलं त्याचं कॉलेज तिथेच संपलं. आणखीही एक नियम होता, क्वचितच लागणारा: एखादं काम चोरीचं आहे असं जो म्हणेल, त्याने मूळ शोधून आणायचं आणि शेजारी लावून दाखवायचं.

भिंतीला थोडे दिवस उरले असताना बाबा जेवणावर बसल्या बसल्या म्हणाले, "सरांनी आज सांगून टाकलं. यंदा भिंतीवर माझी किनार दिसली तर मला दुसरी सहामाही नाही."

"मग?" आईने विचारलं.

"मग मामाचं दुकान. फरशीला किनार चालते." हे बोलून बाबा एकटेच हसले. हसता हसता थांबले आणि पाणी प्यायले. आईने त्यांना आणखी भात वाढला.

नंतर भांडी विसळताना ती मुलीला म्हणाली, "तू दोन शब्द सांग ना गं त्यांना. तुला एवढं येतं."

"मी सांगितलं तर ते त्यांचं काम राहील का?"

उत्तर बिनतोड होतं. खोटंही होतं. खरं असं, की बाबा आपसूक नापास झाले तर सुंठीवाचून खोकला जाईल, असं तिला वाटत होतं. आपल्याला ना बोलावं लागेल, ना वाईट व्हावं लागेल. जिना पुन्हा आपला होईल. असं वाटून घेण्याची तिला लाज वाटत होती, आणि लाज वाटत असूनही तसंच वाटत होतं.

ती घरी काम करायची ते जेवणाच्या टेबलावर. त्या टेबलाच्या चार खुर्च्यांपैकी एक लंगडी होती. शाळेत असताना तिनेच पुठ्ठ्याची घडी करून तिच्या एका पायाखाली सरकवली होती. केर काढताना ती निघायची आणि कोणीतरी परत बसवायचं. बाबा नेहमी तीच खुर्ची घ्यायचे, कारण दुसरं कोणी बसलं की कुरकुर सुरू. संध्याकाळी चहाचा कप घेऊन ते तिथे बसत आणि समोर मुलीचं काम चाललेलं बघत. तिची एक पद्धत होती. पोस्टरवरची एखादी गोष्ट काढून टाकायच्या आधी ती पांढऱ्या कार्डाने झाकून बघायची. झाकल्यावर काही बिघडलं नाही, तर ती गोष्ट गेली. मग पुढची. असं झाकत झाकत ती शेवटी कागदावर इतकं थोडं ठेवायची की आई म्हणे, "अगं, अजून सुरू नाही केलंस?"

बाबा काही विचारत नव्हते. ते नुसते बघायचे. अट फाटकाच्या आतली होती, तरी त्यांनी ती घरापर्यंत वाढवून घेतली होती. स्वतःचं पोस्टर तर ते घरी आणतच नव्हते.

विषय सगळ्यांना एकच होता: वाचनालय आता रविवारीही उघडं राहणार, हे लोकांना सांगायचं.

भिंतीच्या दिवशी सकाळी मुलगी खाली उतरली ती किनार शोधतच. सापडायला वेळ लागला नाही. डावीकडून तिसरं पोस्टर. निळी दुहेरी किनार, चारी कोपऱ्यांत वेल, मध्ये पुस्तक वाचणारा म्हातारा, त्याच्या डोक्यामागे पिवळा उजेड, आणि प्रत्येक ओळ वेगळ्या वळणाच्या अक्षरात. संपलं, तिला वाटलं. आता बाबा मामाच्या दुकानात चालले. आणि गंमत बघा, जे व्हावं म्हणून इतके दिवस मनातल्या मनात घोकलं, ते समोर टांगलेलं दिसल्यावर तिला रडू यायला लागलं.

बाबा खिडकीपाशी, पोरांच्या घोळक्यात उभे होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

दुसऱ्या वर्षाची पोरं कमी, म्हणून काहींच्या वाट्याला दोन दोन पोस्टरं आली. कात्री सर बोटाने दाखवत, कोणी कशावर बोलायचं. फिरत फिरत बोट मुलीवर आलं, आणि मग डावीकडून तिसऱ्यावर गेलं. सगळा हॉल सावरून उभा राहिला. फूटपट्टी आणि किनार! पोरांना फुकटात तमाशा बघायला मिळणार होता.

"यात उत्साह आहे," मुलगी म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "करणाऱ्याने मनापासून केलंय. किनार जरा... म्हणजे किनारीमुळे एक घरगुती ऊब आलीय. थोडी बारीक केली तर शोभेल."

तिच्या शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीने तोंडाचा आ केला तो मिटायलाच विसरली. ऊब म्हणे! गेल्या वर्षी याच मुलीने आपल्याच वर्गातल्या एकाच्या गुलाबी चौकटीला 'पडदा आहे की पोस्टर' विचारून त्याला दोन दिवस उपाशी ठेवलं होतं. मुलीने चोरून खिडकीकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे बघत होते. भरून आलं असेल, तिला वाटलं.

दुसऱ्यांदा सरांचं बोट तिच्यावर आलं ते अगदी टोकाच्या पोस्टरसाठी.

ते तिने आधी नीट पाहिलंच नव्हतं. कोरा पांढरा कागद. खाली उजव्या बाजूला एक खुर्ची, साध्या काळ्या रेषेत काढलेली, टेबलापासून जरा मागे ओढून आपल्याकडे वळवलेली. टेबल मात्र काढलेलंच नव्हतं. खुर्चीशेजारी बारीक अक्षरात: 'रविवारीही उघडं आहे. बसा.' बाकी काही नाही. वरचा सगळा कागद मोकळा, सुट्टीच्या सकाळसारखा.

चांगलं होतं. हे तिला पहिल्या नजरेतच कळलं आणि कळता क्षणी आत काहीतरी टोचलं. असं आपण करायला हवं होतं. शिवाय मघाशी ऊब वगैरे बोलून घालवलेली अब्रू परत मिळवायची होती. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"हे पहिल्या वर्षाचं काम नाही," ती म्हणाली. "इतकी जागा मोकळी सोडायची हिंमत पहिल्या सहामाहीत कोणाला येत नाही. ज्याने लावलंय त्याला हे का चांगलं आहे तेही कळलेलं नाही. हे बघा, खुर्चीच्या पायाखाली काळा तुकडा राहिलाय. मूळ चित्रातला कचरा पुसायचा राहून गेला. हे उचललेलं आहे. चोरीचं आहे."

हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. मुद्दा बरोबर लागला, असं तिला वाटलं. मैत्रीण मात्र तिच्यापासून पाऊलभर लांब सरकली होती आणि पहिल्या वर्षाची पोरं आपापल्या चपलांकडे बघत होती.

"लिहा आणि लावा," कात्री सर म्हणाले.

तिने लिहिलं आणि लावलं: 'कुठून तरी उचललेलं. पायाखालचा तुकडा पुसायचा राहिलाय.'

"नियम माहीत आहे?"

"हो सर. मूळ शोधून आणते."

"मग आता जवळ जाऊन नीट बघून घे. काय शोधायचं ते कळलेलं बरं."

ती जवळ गेली. लांबून काळा ठिपका वाटत होता तो ठिपका नव्हता. घडी होती. पुठ्ठ्याची. चार पदर बारीक रेषांनी वेगळे दाखवले होते, आणि एका बाजूची कड फाटकी होती, कात्री न सापडल्यामुळे लहान मुलीने हाताने फाडावी तशी. खुर्चीच्या पाठीची मधली पट्टी जरा कललेली होती. त्या पट्टीला टेकून बसलं की पाठीत रुतते, हे तिला ठाऊक होतं, कारण पाहुणे आले की ती खुर्ची तिच्या वाट्याला यायची.

मागे वळून बघायची तिला गरज नव्हती. पण सर म्हणाले, "आपापल्या कामाखाली उभे राहा," आणि पावलं वाजायला लागली. किनारीखाली छाती काढून जाऊन उभा राहिला तो पहिल्या वर्षाचा काटकुळा पोरगा, ज्याला सगळे 'सुतळी' म्हणत. आणि खिडकीपासून चालत येऊन, इस्त्रीचा शर्ट खाली ओढत, बाबा तिच्या शेजारी उभे राहिले. मधे हातभर अंतर ठेवून.

"काका," सर म्हणाले, "कुठून आलं हे?"

"बघून बघून शिकलो, सर."

"कोणाचं बघून?"

बाबा शर्टाची बाही नीट करत राहिले.

"काका, आळ आलाय तुमच्यावर. ज्याचं बघून शिकलात त्याचं नाव सांगा, म्हणजे उचललंय की शिकलाय ते ठरवता येईल."

"नाव नाही सांगता येणार," बाबा म्हणाले. "शब्द दिलाय."

"मग आळ राहील. आळ राहिला तर दुसरी सहामाही नाही."

"चालेल," बाबा म्हणाले.

अगदी तसंच म्हणाले, जसं घरी भात कमी असला की म्हणायचे. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते. दोघं अजून फाटकाच्या आतच होती, अट अजून लागू होती, आणि हा माणूस ती मोडणार नव्हता, मग त्याला जन्मभर फरशा विकाव्या लागल्या तरी बेहत्तर. तिला स्वतःची इतकी चीड आली की त्या चिडीनेच तिचं तोंड उघडलं.

"मूळ आमच्या घरी आहे, सर. म्हणजे खुर्ची. जेवणाच्या टेबलाची आहे, लंगडी आहे. तो तुकडा कचरा नाही, पुठ्ठा आहे. मीच घातलाय. आणि मोकळी जागा सोडायला ते माझं बघून शिकले. मी शिकवलं नाही. ते समोर बसायचे आणि बघायचे, एवढंच." तिचा श्वास संपला. तो तिने परत घेतला. "ते माझे बाबा आहेत."

आता आभाळ कोसळेल असं तिला वाटलं. कोणीतरी खोकलं. बाकी काही झालं नाही.

"अगं, माहीत आहे," मैत्रीण हळूच म्हणाली.

"कोणाला?"

"सगळ्यांना. पहिल्या आठवड्यापासून. तुझ्या डब्यात कोबी असला की खाली काकांच्या डब्यात कोबी. तुझ्याकडे वांगं, त्यांच्याकडे वांगं."

"आणि दोन्ही डब्यांच्या झाकणांवर एकाच लाल नेलपॉलिशची खूण," सुतळीने माहिती पुरवली.

मांजर डोळे मिटून दूध पितं, तसे बापलेक अर्धं वर्ष दूध पीत होते, आणि सगळं कॉलेज बाजूला उभं राहून बघत होतं.

मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि मघापेक्षा वाईट वाटलं. सगळ्यांना माहीत होतं. ही खुर्ची काकांची आहे, हे तर खालच्या पोरांनी त्यांना रोज काढताना पाहिलेलं. म्हणजे मघाची ती शांतता मुद्द्याची नव्हती. ही मुलगी स्वतःच्या बापाला भर हॉलमध्ये चोर म्हणतेय, आणि जाणूनबुजून म्हणतेय, असंच सगळ्यांना वाटलं होतं. कदाचित बाबांनाही.

"मला वाटलं," ती बाबांकडे वळून पुटपुटली, "मला वाटलं, किनारवालं तुमचं आहे."

"म्हणजे ती ऊब...?" सुतळीचा चेहरा पडला.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण तिने आयुष्यात पहिल्यांदाच प्रामाणिकपणे चालवायला घेतली होती, आणि तिथेही बाब्या ओळखायला चुकली.

कात्री सरांनी चष्मा पुसला. "नियम तो नियम," ते म्हणाले. "मूळ आणून शेजारी ठेवा. उद्या सकाळी. तोवर काकांचा निकाल नाही."

दुसऱ्या दिवशी बापलेक पहिल्यांदाच एकत्र घराबाहेर पडले, मधे खुर्ची घेऊन. आईने दारातून बजावलं, "बघून चाला, पडाल दोघं." बसवाल्याने खुर्ची आत घेऊ दिली नाही. तेव्हा चालतच निघाले. तिने पुढचे पाय धरले, बाबांनी पाठ. कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्याने विचारलं, "काय, घर बदलताय?"

"नाही, परीक्षेला नेतोय हिला," बाबा म्हणाले.

थोडं पुढे गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला चोर म्हटलं."

"म्हटलंस खरं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आधी आला. रात्री विचार केला. माझ्या किनारींवर कधी कोणी चोरीचा आळ घेतला? काम चांगलं दिसल्याशिवाय घेतं का कोणी?" बाबांनी खुर्ची जरा वर उचलून घेतली. "तुझ्या आईला दोनदा सांगितलं मी. म्हटलं, हिला ते चोरीचं वाटलं!"

मुलगी हसली नाही. तिच्या पोटात जे होतं ते अजून बाहेर यायचं होतं. ती चालता चालता, मागे न बघता म्हणाली, "तुम्ही नापास व्हावं असं मला वाटत होतं."

मागे खुर्ची जराशी हलली; बाबांनी पकड बदलली होती.

"ते ठाऊक होतं मला," बाबा म्हणाले. "म्हणून तर काम घरी आणत नव्हतो. तुझ्यासमोर केलं असतं तर तू मदत केल्यावाचून राहिली नसतीस, आणि मग स्वतःवरच चिडली असतीस. जरा तुझ्या बाजूने उचल, माझ्या गुडघ्याला लागतेय."

तिने उचललं. रस्ता पुसट दिसत होता म्हणून सावकाश चालली.

फाटकाशी आल्यावर बाबा सवयीने थांबले. "तू हो पुढे. मी येतो मागून."

"अर्धी खुर्ची घेऊन पुढे कशी होऊ?" ती म्हणाली. "चला."

हॉलमध्ये पोरं आधीच जमली होती. खुर्ची पोस्टरच्या खाली, तशीच जरा तिरकी वळवून ठेवली. कात्री सर आले. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा जमिनीकडे. कललेली पट्टी बघितली. मग ते खुर्चीवर बसले आणि खुर्ची डुगडुगली. पुठ्ठा घरीच राहिला होता, टेबलाखाली.

"पायाखालचा तुकडा कुठाय?" सर म्हणाले. "मूळ अपुरं आहे."

बाबांनी खिसे चाचपले. त्यांच्या खिशात पट्ट्या होत्या, ब्लेडं होती, पुठ्ठा नव्हता.

मुलगी भिंतीपाशी गेली. पोस्टरखाली तिने काल स्वतःच्या हाताने लावलेला कागद होता. भिंतीवर लागलेला कागद काढायचा नसतो, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिने टाचणी उपसली आणि कागदाची घडी केली, घडीची घडी केली, जाड होईपर्यंत करत राहिली. सर बघत होते. त्यांनी 'लावा' म्हटलं नाही आणि 'काढा'ही म्हटलं नाही.

ती खुर्चीशी गुडघे टेकून बसली. "बाबा," ती म्हणाली, "जरा उचला."

बाबांनी सरांसकट ती बाजू बोटभर वर केली. तिने घडी पायाखाली सरकवली. सरांनी एकदा पुढे होऊन पाहिलं, एकदा मागे रेलून पाहिलं. खुर्ची हलली नाही.